औरेलच्या डाव्या पायाची कबर

वडिलांनी मला फक्त एक खोकं आणायला पाठवलं होतं. खोक्यात पत्रं होती, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि ती दुसऱ्या कुणी वाचायच्या आत त्यांना घरी हवी होती. काम एवढंच. क्लीव्हलंडमधली जानेवारीतली दुपार होती, बकआय रोडवर बर्फाचा काळा चिखल झाला होता आणि मी आमच्या चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरत होते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी जेवणाच्या आसपास कधीच काढत नाही. तुमचं जेवण झालंय ना? मग ठीक आहे. दिवा थोडा मोठा करा.

तळघरात गेदेऑन बाची बसायचे. आमच्या हंगेरियन लोकांत वडिलांना अपा म्हणतात, म्हाताऱ्या पुरुषाला बाची आणि बाईला नेनी, मग नातं असो वा नसो. हे गेदेऑन बाची तिकडे हंगेरीत लॅटिनचे मास्तर होते. इथे आल्यावर त्यांनी चार लोखंडी कपाटं मिळवली, त्यांत आमच्या लोकांची जुनी पत्रं, रोजनिश्या, गाण्यांच्या कार्यक्रमांची पत्रकं कोंबली आणि त्याला अभिलेखागार म्हणायला लागले. बाकी सगळे त्याला तळघरच म्हणत.

"ये शारी, ये. पण आधी नाकाला रुमाल लाव," मला बघताच ते म्हणाले. त्यांनी स्वतः मफलर नाकावर बांधला होता.

"अपांचं खोकं न्यायला आलेय, बाची."

"अभिलेखागारातली वस्तू बाहेर जात नाही."

"त्यांचीच पत्रं आहेत हो ती."

"पत्र लिहिणाऱ्याचं नसतं गं, ज्याला लिहिलं त्याचं असतं. आणि तो तर गेला वर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण खरं सांगू? घेऊनच जा. असला वास सुटलाय की मला इथे बसून घास गिळवत नाही."

"उंदीर मेला असेल कुठेतरी."

"कपाटं उलथीपालथी केली मी. उंदीर नाही, काही नाही. आणि गंमत बघ, औरेलची पत्रं कोरडी ठणठणीत आहेत. तुझ्या बापाचीच तेवढी घाण मारतात."

माझे वडील कॉर्नेल हालमोश आणि त्यांचा मित्र औरेल, दोघेही चित्रकार. तिकडे त्यांची चित्रं प्रदर्शनांत लागायची. इथे आल्यावर दोघे पोलादाच्या कारखान्यात लागले आणि रविवारी चित्रं काढायला लागले. एका डिसेंबरात औरेलचा डावा पाय पत्र्यांच्या थप्पीखाली सापडला, आणि तो घोट्यापासून कापावा लागला. पुढे तो टोलेडोला बहिणीकडे राहायला गेला. तेव्हापासून मरेपर्यंत दोघे एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. औरेलने लिहिलेली पत्रं अपांनी पूर्वीच तळघरात देऊन टाकली होती. औरेल गेल्या पानगळीत वारला आणि अपांनी लिहिलेली पत्रं टोलेडोहून खोक्यात भरून आली. आता गेदेऑन बाचींना प्रश्न आणि उत्तर असा जोड लावून पुस्तक काढायचं होतं.

"तुम्ही वाचलीत का अपांची?" मी विचारलं.

"वाचतो कुठला! एकमेकांना चिकटून बसलीयेत. पण औरेलची वाचली. काय माणूस होता! दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, एकच मागणं. 'कॉर्नेल, माझ्या पायाच्या कबरीवर मेणबत्ती लाव.' शारी, तो पाय नक्की कुठे पुरलाय गं? मी टोलेडोच्या फादरांना लिहून मोकळा झालो. पाय काढायचा आणि औरेलजवळ नेऊन ठेवायचा. पुनरुत्थानाच्या दिवशी माणूस दोन पायांवर उठायला नको? तुझ्या बापाला विचारलं तर तो भिंतीकडे तोंड करतो."

ते खरं होतं. अपा महिनाभर भिंतीकडेच तोंड करून पडले होते. त्यांचा डावा पाय साखरेने काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, कापला नाही तर ईस्टर बघणार नाहीत. अपा म्हणत, नाही. का नाही, ते सांगत नव्हते. आई मी लहान असतानाच गेली, आणि या जगात माझं म्हणायला ते एकटेच होते. मला पत्रांशी काही देणंघेणं नव्हतं. माझा बाप जगावा एवढंच मला हवं होतं, आणि ते म्हणाले होते, "आधी खोकं आण. मग पायाचं बोलू."

मी खोकं उचललं. तळाशी ते ओलसर लागलं आणि माझ्या हातमोज्याची बोटं त्याला चिकटली.

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले. गाडीतल्या उबेने वास फुलला. मेलेल्या उंदराचा वास नव्हता तो. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने वळून पाहिलं, नाक वर केलं आणि चक्क हसली.

"कोचोन्या ना? कुणाच्या घरची?" तिने आमच्या भाषेत विचारलं.

"नाही हो नेनी, कागद आहेत."

"असू दे, असू दे. मी काही मागत नाही तुझ्याजवळ," ती फणकाऱ्याने म्हणाली. पण उतरेपर्यंत तिने दोनदा ओठ चाटले. मला तिची किळस आली, आणि ती म्हणाली ते बरोबर होतं म्हणून जास्तच आली.

कोचोन्या म्हणजे डुकराच्या पायांचा रस्सा. खुरं काढलेले पाय, लसूण, मिरी, तमालपत्र घालून दिवसभर मंद आचेवर उकळायचे, हाडं काढून टाकायची, रस्सा खोलगट ताटल्यांत ओतायचा आणि थंडीत ठेवून द्यायचा. तो थिजतो, थरथरतो, आणि त्यात मांसाचे तुकडे अडकून बसलेले दिसतात. आमच्यात नववर्षाला ती हवीच. ती चांगली जमली की नाही, हे ओळखायची खूण म्हणजे खाल्ल्यावर ओठ एकमेकांना चिकटले पाहिजेत. सगळे ओठ चिकटवून हसत बसतात. मी मोठेपणी कधी तिला तोंड लावलं नाही. का, ते मला माहीत नव्हतं. नुसती बघितली तरी मी टेबलावरून उठायचे.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पत्रं सोडवायला बसले. अपांचं अक्षर सुरेख होतं. पिवळ्या मातीचा रंग इथे कसा मिळत नाही, कुठल्या चर्चने कुठला संत रंगवून घेतला आणि त्याला मिशा लावायला लावल्या, कोण गाढव स्वतःला चित्रकार म्हणवतो, असला सगळा मजकूर. खाली सही नसायची. चित्रकारांची पत्रं ती. औरेल सहीच्या जागी एक छोटा डावा बूट काढायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अपा काढायचे मातीचा इवलासा ढीग, त्यावर क्रूस आणि पेटलेली मेणबत्ती.

आणि ओल तिथेच होती. बाकीचा कागद कोरडा. जिथे जिथे मेणबत्ती होती, तिथे तिथे नखाएवढा जाड, पारदर्शक, चिकट थर धरला होता. बोट लावलं तर थरथरला.

मला आधी वाटलं, सरस आहे. चित्रकाराच्या घरात वाढलेय मी. कॅनव्हासला लावायचा सरस आमच्याकडे कायम चुलीवर असायचा, कातडी आणि हाडं उकळून केलेला, आणि त्या वासाने मी शाळेत जाताना उलट्या केलेल्या आहेत. पण सरसात लसूण नसतो. मी चमच्याने एका पत्रावरचा थर खरवडून बशीत काढला. त्यात काळा ठिपका होता. तो मिऱ्याचा दाणा निघाला. दुसऱ्या पत्रातल्या थरात तमालपत्राचा तुकडा निघाला. तिसऱ्यातून जे निघालं, ते आखूड, राठ, तांबूस केस होते. मी चमचा टाकला, हात गरम पाण्याखाली धरले आणि साबणाने चोळत राहिले.

खरवडलेले कागद रेडिएटरवर वाळत टाकले आणि अपांच्या पायाची पट्टी बदलून आले. तेवढ्यात परत सगळं जिथल्या तिथे. उलट जास्तच. उबेने जे वितळायला हवं होतं, ते रेडिएटरवर घट्ट झालं होतं आणि एकेका मेणबत्तीवर फुगून बसलं होतं.

मी बशी उचलली आणि सरळ अपांच्या खोलीत गेले.

त्यांनी भिंतीकडे तोंड असतानाच वास घेतला. त्यांची पाठ ताठ झाली.

"कुठून आणलंस ते?"

"तुमच्या पत्रांतून."

"कुठल्या ओळींवरून?"

"ओळींवर नाही, अपा. मेणबत्तीवर."

ते हळूहळू माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रडत नव्हते. चेहरा मात्र असा झाला होता की मलाच त्यांच्याकडे बघवेना.

"पायाला कबर नाही, शारी," ते म्हणाले. "कधीच नव्हती."

मी खुर्ची ओढून बसले. बशी खिडकीत ठेवली. त्यांनी जे सांगितलं, ते मध्ये मध्ये थांबत, पाण्याचे घोट घेत सांगितलं. मी जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत सांगते.

"पाय कापला तेव्हा औरेलने माझा हात धरला होता. म्हणाला, देह जिथे जाईल तिथे जाईल, पण पाय पवित्र मातीत पुर. इस्पितळातून मीच पाय आणला. मेणकागदात गुंडाळलेला, वर तपकिरी कागद, सुतळी. जमीन दगडासारखी गोठलेली. फादर म्हणाले, नववर्ष होऊ दे, मग बघू. मग मी... मी तो मागच्या व्हरांड्यात टांगला. दुसरं कुठे ठेवणार? घरात गरम व्हायचं."

याच घराचा व्हरांडा. तेव्हा घर बोदनार नेनीचं होतं, आम्ही तिचे भाडेकरू. थंडीत आमच्या लोकांचा व्हरांडा म्हणजे कोठीच असते. सगळ्या बिऱ्हाडांचं मटण, चरबी, सॉसेज तपकिरी कागदात गुंडाळून तिथेच टांगलेलं असायचं. आणि नववर्षाच्या आधी काय टांगलेलं असणार? पाय.

"कारखान्यात दोन पाळ्या लागोपाठ केल्या," अपा म्हणाले. "नववर्षाच्या दिवशी दुपारी घरी आलो. सगळे टेबलाभोवती. औरेलला इस्पितळातून आणलेलं, कुबडी भिंतीला टेकवलेली. तू त्याच्या मांडीवर. मी हात धुवायला मागे गेलो, तर माझ्या खिळ्यावर काही नाही. राखेच्या बादलीत मेणकागद. इस्पितळाचा शिक्का असलेला मेणकागद, शारी."

"बोदनार नेनीला दिसलं नाही? अपा, माणसाचा पाय तो..."

"तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळ्या पुड्या एकदम पातेल्यात रिकाम्या केल्या तिने. मला हसत हसत सांगत होती, अमेरिकेतली डुकरं केवढी मोठी हो, हाडं बघा! आणि नखं कशी मऊ, सुरीसुद्धा लागली नाही."

मी तोंडावर हात दाबला. अपा थांबले नाहीत. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडत होतं.

"औरेल दुसरी ताटली संपवत होता. त्याचे ओठ चिकटले होते आणि तो हसत होता. नेनीने माझ्यापुढे ताटली सरकवली. 'खा की रे कॉर्नेल, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!' मी म्हटलं, भूक नाही. औरेल म्हणाला, 'काय रे, माझा पाय गेला म्हणून तुझं जेवण गेलं होय?' सगळे हसले. सगळे माझ्याकडे बघत होते, शारी. नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, का नाही?"

"मग?"

"मग मी खाल्ली."

रेडिएटर खडखडला. खिडकीतल्या बशीकडे आम्ही दोघेही बघत नव्हतो.

"आणि मी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"तू लहान होतीस. चार घास खाल्लेस." अपांनी डोळे मिटले. "नंतर त्याने विचारलं, पाय पुरलास? मी म्हटलं, पुरला. मग दर वर्षी मेणबत्तीचं विचारायचा आणि मी मेणबत्ती काढून पाठवायचो. आणि त्याच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच वाक्य असायचं. नेनीच्या त्या कोचोन्याची सर पुन्हा कशाला आली नाही. प्रत्येक पत्रात. त्याला कळलं होतं का? मला छळत होता, का नुसती आठवण काढत होता? इतकी वर्षं मी हेच वाचतोय, शारी, आणि मला कळलेलं नाही."

मग त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि आपल्या काळ्या पायाकडे पाहिलं.

"डावाच आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, हाच घेऊन जायचा आहे त्याला, तर मीही जातो याच्याबरोबर. पण माझा जीव त्याने कुठे मागितलाय? पायच मागितलाय. डॉक्टरांना सांग, कापा. आणि तो टोलेडोला ने. त्याच्याजवळ पुर, त्याच्या नावाने."

मला हा सौदा घाणेरडा वाटला. पण बाप जगणार होता. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. गेदेऑन बाचींना खोटंच सांगितलं की औरेलचा पाय तेव्हाच डब्यात बंद करून आमच्यातल्या एकांच्या थडग्याच्या घुमटीत ठेवला होता, तो मिळाला आहे. ते इतके हरखले की पुढचं काही त्यांनी विचारलंच नाही. टोलेडोच्या फादरांनीही लगेच यायला सांगितलं. तिकडे निखारे पसरून जमीन मऊ करायचं ठरलं.

ऑपरेशनला नेताना अपांनी माझी बाही धरली. "डबा कुठेही ठेव. माझ्या उशाला ठेव. पण व्हरांड्यात ठेवू नकोस, शारी."

"नाही ठेवत, अपा."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याचा डबा घेऊन घरी आले. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गच्च मारलेली, वरून दोरी. उद्या सकाळी टोलेडोला जायचं. डबा मी अपांच्या पलंगावर ठेवला. पण आमच्या घरातली वाफेची उष्णता बंद करता येत नाही, आणि थोड्याच वेळात त्या खोलीतून वास यायला लागला. माझ्या बापाचा पाय होता तो, आणि मला त्याची शिसारी येत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन बसणं फार वाईट. मी आदल्या दिवसापासून काळ्या कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं, तीही तिथे उलटली. खिडकी उघडून बघितली, उपयोग नाही. बाहेर तर थंडी मरणाची. कुठलाही हंगेरियन माणूस जे करील तेच मी केलं. डबा उचलला, मागच्या व्हरांड्यात ठेवला, दाराला कडी लावली, वर कुलूप घातलं. किल्ली गळ्यात अडकवली आणि अपांना बघायला इस्पितळात गेले.

अपा शुद्धीवर आले होते. गालांवर रंग होता. डबा कुठे आहे, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या पलंगावर. त्यांनी माझा हात थोपटला आणि नर्सकडे सूप मागितलं. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून खायला मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की परत येताना बसमध्ये मी रडत होते.

जिन्यातच लसणाचा वास आला.

खालचं बिऱ्हाड असेल, म्हणून मी वर चढत राहिले. दाराशी वास दाट झाला. लसूण, मिरी, तमालपत्र, आणि दिवसभर उकळलेलं काहीतरी. स्वयंपाकघर मी सोडलं तसंच होतं, भांडी जागेवर. फक्त खिडकीच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या आणि चूल... मी चुलीवर हात धरला. गरम होती.

व्हरांड्याचं कुलूप लागलेलं होतं. मी ते उघडलं. अजून उजेड होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. डबा जागेवर. पट्टी जागेवर. दोरीही होती, पण मी दोरीला साधी गाठ मारली होती, आणि आता तिथे छान फुलासारखा फासा होता. डब्याशेजारी कठड्याच्या फळीवर एक खोलगट ताटली, तिच्यावर दुसरी पालथी, आणि मांजरांनी पाडू नये म्हणून वर जुनी लोखंडी इस्त्री. बोदनार नेनी अशीच ठेवायची. पण तिची इस्त्री तिच्याबरोबरच घरातून गेली होती. नेनी जाऊन किती वर्षं झाली होती!

मी वरची ताटली उचलली. खाली कोचोन्या थिजली होती, काचेसारखी निर्मळ, वर पाप्रिकाच्या लाल मिरचीपुडीची चिमूट. एका बाजूला चमच्याने उकरलेला खड्डा होता.

मी ते सगळं, ताटल्या, इस्त्री, सगळं राखेच्या पिंपात फेकलं आणि झाकणावर वीट ठेवली. मग कठड्यावर वाकून ओकत राहिले. पोटातून काहीच येत नव्हतं. डबा उचलून आत आणला. तो मघापेक्षा हलका लागला का, ते मला विचारू नका. मी उघडून बघितलं नाही. बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी काय नेलं असतं? अपांना काय सांगितलं असतं? ते सूप पीत होते.

सकाळी गेदेऑन बाची शेजाऱ्याच्या मोटारीतून आले, गाडी शेजारीच चालवत होता. बाची वाटभर अखंड बोलत होते. खोकं त्यांना हवंच होतं, अपांची पत्रं औरेलच्या कबरीशी न्यायची म्हणून. त्यांनी ते मांडीवर घेतलं, भीत भीत नाक खाली नेलं, आणि ओरडले, "शारी! वास गेला की! काय केलंस? कुठलं औषध वापरलंस?"

मी मान हलवली. त्यांनी एक पत्र उलगडलं. कागद कोरडा होता. मेणबत्ती स्वच्छ दिसत होती, तिच्या ज्योतीची पिवळी रेघसुद्धा. दुसरं उलगडलं, तिसरं उलगडलं. सगळी कोरडी. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, जे इतकी वर्षं इथे साचून होतं, ते गेलं कुठे?

टोलेडोच्या दफनभूमीत खड्डा तयार होता, कडेला निखाऱ्यांची राख. फादरांनी डब्यावर पवित्र पाणी शिंपडलं, माणसांनी तो खाली सोडला. औरेल आता दोन पायांवर उठणार म्हणून गेदेऑन बाची डोळे पुसत होते. त्यांनी खिशातून औरेलचं शेवटचं पत्र काढलं.

"मित्राच्याच शब्दांनी निरोप देऊ," ते म्हणाले आणि शेवट वाचला. "'कॉर्नेल, नेनीच्या त्या कोचोन्याची सर पुन्हा कशाला आली नाही. शारीला विचार, तिला आठवते का. माझ्या मांडीवर बसून तिने दुसऱ्यांदा मागून घेतली होती.'" आणि त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. खाली डावा बूट होता. इतकी वर्षं रिकामा काढलेला तो बूट या पत्रात रिकामा नव्हता, त्यात पाय होता, आणि तो पाय लहान मुलीचा होता.

फादर माझ्याकडे वळले. "मुली, घरच्या माणसाच्या वतीने तू आमेन म्हण."

सगळे थांबले. मी म्हणायला गेले. ओठ उघडेनात. वरचा ओठ खालच्याला गच्च चिकटला होता. मी जोर केला तशी कातडी ताणली गेली, गेदेऑन बाची काळजीने माझ्याकडे बघू लागले, आणि मी जीभ फिरवली तेव्हा दाढेजवळ काहीतरी टणक लागलं. चावलं गेलं. मिऱ्याचा दाणा होता.